अंतिम यादी आणि वाचकांची अटकळ

इंग्रजी कादंबरीसाठी देण्यात येणाऱ्या बुकर पारितोषिकाची तेरा पुस्तकांची पहिली यादी दरवर्षी जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या आरंभी प्रसिद्ध होते. सप्टेंबरात तेरांची सहा होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सहांतून एक निवडले जाते. हा अधिकृत क्रम झाला. त्याच्या जोडीने, किंबहुना त्याच्या बऱ्याच आधीपासून, आणखी एक क्रम चालू असतो. त्याला नियम नाहीत, मानधन नाही आणि त्याचा निकाल कोणी जाहीर करीत नाही. ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा आणि अलीकडे भारतातीलही काही वाचक वसंत ऋतूपासूनच स्वतःच्या याद्या करू लागतात. कोणती पुस्तके तेरांत येतील, तेरांतली कोणती गळतील, कोणती गळू नयेत आणि तरीही गळतील, यावर हिरिरीने वाद होतात. यादी लागली की प्रत्येक जण आपले किती बरोबर आले ते मोजतो, परीक्षकांना दोन शब्द सुनावतो आणि पुढच्या यादीच्या अटकळीस लागतो.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार प्रथमदर्शनी लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यासारखा वाटण्याचा संभव आहे. पारितोषिक दुसऱ्याचे, पैसा दुसऱ्याचा, निर्णय दुसऱ्याचा. मग या मंडळींनी रात्री जागवून तेरा-तेरा कादंबऱ्या का वाचाव्यात? तथापि या उद्योगाकडे थोडे बारकाईने पाहिले तर त्यात केवळ हौस नाही, असे दिसून येते. आपल्याकडे साहित्याच्या पुरस्कारांभोवती जे मौन आणि नंतर जो कलकलाट असतो, त्याच्याशी तुलना केली म्हणजे तर या रिकामटेकड्या वाटणाऱ्या व्यवसायाचे मोल अधिकच जाणवते.

प्रथम त्यातील गणिताचा भाग पाहू. बुकरचे परीक्षक पाच असतात आणि त्यांच्यापुढे वर्षाला दीडशेच्या आसपास कादंबऱ्या येतात. कोणत्या प्रकाशकाने किती पुस्तके पाठवावीत यावर मर्यादा आहे, आणि २०१४ पासून ही मर्यादा त्या प्रकाशकाच्या आधीच्या यशावर ठरविली जाऊ लागली. ज्याची पुस्तके पूर्वी यादीत अधिक आली, त्याला अधिक पुस्तके पाठविण्याची मुभा. ज्याच्याकडे भांडवल आहे त्यालाच बँक कर्ज देते, तशातलाच हा न्याय! प्रकाशकाने नेमकी कोणती पुस्तके पाठविली हे मात्र वाचकांना सांगितले जात नाही. त्यामुळे पहिल्या यादीची अटकळ करणारा वाचक मुळातच अंधारात असतो. एखाद्या उत्तम कादंबरीचा तो महिनोन्‌महिने पुरस्कार करतो आणि ती कादंबरी परीक्षकांच्या टेबलावर पोहोचलेलीच नसते.

तेरांतून सहा निवडण्याची गोष्ट निराळी. येथे सारी पुस्तके समोर असतात. तेरांतून सहांचे गट एकूण १,७१६ पडतात. म्हणजे डोळे मिटून चिठ्ठ्या उचलणाऱ्यास सहाच्या सहा बरोबर येण्याची शक्यता १,७१६ त एक. पण हीच आकडेमोड पुढे नेली तर अटकळबाजांच्या अभिमानास थोडा धक्का बसतो. एकही पुस्तक न उघडता सहा नावे लिहून देणाऱ्याची सरासरीने पावणेतीन नावे बरोबर येतात. चार किंवा त्याहून अधिक बरोबर येणे हे पाचांपैकी एकाला केवळ नशिबाने साधते. तेव्हा ‘माझी तीन पुस्तके आली’ असे जो छाती फुगवून सांगतो, त्याने काहीच सिद्ध केलेले नसते. पाच बरोबर आणणाऱ्याकडे मात्र आदराने पाहावे. तसे नशिबाने घडणे चाळिसांत एकदा. आणि तोच मनुष्य सलग तीन-चार वर्षे पाच बरोबर आणू लागला, तर त्याला परीक्षकांच्या स्वभावाचे काही मर्म कळले आहे असे मानण्यास हरकत नाही.

परीक्षकांच्या स्वभावाचे मर्म, पुस्तकांचे नव्हे! या अटकळीतला खरा पेच येथेच आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो परिचित असेल. जॉन मेनार्ड केन्स याने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या बाराव्या प्रकरणात शेअर बाजाराला वृत्तपत्रांतील एका स्पर्धेची उपमा दिली आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सर्वांत सुंदर चेहरे निवडायचे आणि ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीच्या सर्वांत जवळ जाईल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत स्वतःला सुंदर वाटणारा चेहरा निवडणारा हरतो. इतरांना कोणता सुंदर वाटेल हे ओळखणाराही पुरता जिंकत नाही. इतरांना काय वाटेल याबद्दल इतरांचा काय अंदाज असेल, इथवर जो पोहोचतो त्याचीच सरशी होते. केन्सच्या उपमेतही निवडायचे चेहरे सहाच होते, हा एक मौजेचा योगायोग.

बुकरच्या वाचकांना या पेचाची जाणीव नसते असे नाही. म्हणून त्यांच्यातील अनुभवी मंडळी दोन याद्या करतात: एक आपल्या आवडीची आणि दुसरी परीक्षक निवडतील अशी. या दोन याद्यांतले अंतर हाच मुळी चर्चेचा सर्वांत रसाळ भाग. एखादी कादंबरी पहिल्या यादीत आहे पण दुसऱ्या यादीत नाही, याचा अर्थ असा की ती श्रेष्ठ आहे हे आपल्याला पटले आहे, पण पाच माणसांची समिती ती उचलणार नाही असेही आपल्याला वाटते. का उचलणार नाही? ती फार मोठी आहे म्हणून, की फार विनोदी आहे म्हणून, की गेल्या वर्षी तशाच एका कादंबरीला पारितोषिक मिळाले म्हणून? या ‘का’चे उत्तर देताना वाचकाला पुस्तकाबद्दल बोलावे लागते, समित्यांच्या भिडस्तपणाबद्दल बोलावे लागते, आणि स्वतःची आवड कशावर उभी आहे हेही तपासावे लागते. साहित्याच्या वर्गात वर्षभर व्याख्याने देऊनही जे साधत नाही, ते कधीकधी अशा एका पैजेने साधते.

पैज हा शब्द येथे नुसता अलंकार म्हणून योजलेला नाही. ब्रिटनमध्ये सट्टा कायदेशीर असल्याने तेथील मोठ्या सट्टेवाल्या पेढ्या घोड्यांच्या शर्यतींप्रमाणे बुकरच्या यादीवरही भाव लावतात. पारितोषिक समारंभाचे थेट दूरचित्रण १९८१ साली प्रथम झाले. त्या वर्षी सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’ने डी. एम. टॉमस यांच्या ‘द व्हाइट हॉटेल’वर मात केली, आणि तेव्हापासून या सोहळ्याला शर्यतीचा रंग अधिकच चढला. ज्युलियन बार्न्स या कादंबरीकाराने बुकर म्हणजे प्रतिष्ठितांचा बिंगो आहे अशी त्याची संभावना केली होती. २००५ साली हेच बार्न्स सट्टेवाल्यांच्या भावात आघाडीवर होते आणि पारितोषिक गेले जॉन बॅनव्हिल यांच्या ‘द सी’ला, ज्याची फारशी कोणी दखल घेतली नव्हती. २०११ साली बार्न्स पुन्हा आघाडीवर होते आणि त्या खेपेस ते जिंकले. म्हणजे आघाडीचा घोडा कधी जिंकतो, कधी नाही.

बाजारातील भाव ही माहितीची बेरीज असते, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. मोठ्या बाजारांबाबत त्यात पुष्कळ तथ्य आहे. पण बुकरचा बाजार अगदीच लहान. शंभर-दोनशे माणसांनी एका नावावर पैसे लावले की भाव डळमळतो. २०१० साली टॉम मॅकार्थी यांच्या ‘सी’ या एकाक्षरी नावाच्या कादंबरीवर एकाएकी पैशांचा असा ओघ लागला की लॅडब्रोक्स या पेढीने सट्टा बंद केला. कोणाला तरी आतली बातमी लागली असणार, हा संशय. पारितोषिक मिळाले हॉवर्ड जेकबसन यांना! आतली बातमी नव्हतीच. एकाने लावले म्हणून दुसऱ्याने लावले, एवढेच. उलट २००२ साली पारितोषिकाच्या व्यवस्थापकांकडूनच यान मार्टेल यांचे नाव आठवडाभर आधी विजेता म्हणून चुकून प्रसिद्ध झाले. सहाही लेखकांच्या नावे असे मसुदे तयार ठेवलेले होते, असा खुलासा करण्यात आला आणि शेवटी पारितोषिक मार्टेल यांनाच मिळाले. मुंबईत मटक्याच्या आकड्याभोवती ज्या कहाण्या रचल्या जात, त्यांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

सट्टेवाल्याला यात काय मिळते, हेही विद्यार्थ्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा, सहा पुस्तकांचे भाव अनुक्रमे एकास दोन, तीन, चार, पाच, सहा आणि आठ असे आहेत. एकास दोन म्हणजे तीनांत एक, अर्थात ३३ टक्के शक्यता. एकास तीन म्हणजे २५ टक्के. याप्रमाणे सहांची बेरीज केली तर ती १०० भरायला हवी. प्रत्यक्षात ती १२० च्या वर जाते. हे वरचे वीस टक्के म्हणजे पेढीची दलाली. तेव्हा अमुक पुस्तकाला इतकी टक्के संधी आहे असे जे वृत्तपत्रांतून छापले जाते, ते फुगवलेल्या मापाने मोजलेले असते. वाचक मंडळी सट्टा लावोत वा न लावोत, भावांकडे त्यांचे लक्ष असते आणि त्या भावांचा त्यांच्या मतावर परिणामही होतो. आघाडीवरचे पुस्तक अधिक लोक वाचतात, अधिक लोक वाचतात म्हणून त्यावर अधिक पैसे लागतात. ग्रंथव्यवहारातील हे दुष्टचक्र सट्ट्याच्याही आधीपासूनचे आहे. सट्ट्याने त्याला आकडा चिकटवला इतकेच.

इतके सगळे असूनही या वादांना महत्त्व का द्यावे? त्याचे उत्तर १९९१ सालच्या यादीत सापडते. त्या वर्षीच्या सहा पुस्तकांत मार्टिन एमिस, रॉडी डॉइल, रोहिंटन मिस्त्री, टिमथी मो, विल्यम ट्रेव्हर आणि विजेते बेन ओक्री होते. नावे वाचली की गोष्ट लक्षात येते: सहाच्या सहा पुरुष. यादी प्रसिद्ध झाली होती म्हणून ती मोजता आली. मोजता आली म्हणून प्रश्न विचारता आला. त्या प्रश्नातून १९९२ मध्ये विचारविनिमय सुरू झाला आणि १९९६ साली स्त्रियांच्या कादंबऱ्यांसाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू होऊन पहिल्या वर्षी ते हेलन डनमोर यांना मिळाले. स्वतंत्र पारितोषिक हा त्या प्रश्नावरचा योग्य उपाय होता की नाही, यावर मतभेद होते आणि आजही आहेत. पण परीक्षकांनी केवळ विजेत्याचे नाव सांगून दार लावून घेतले असते, तर तो प्रश्नच कोणाला दिसला नसता. एक विजेता पुरुष असण्यातून काहीच सिद्ध होत नाही. सहाही पुरुष असण्यातून निदान विचारण्याजोगे काही तरी निर्माण होते.

त्याच यादीतील मिस्त्री यांच्या ‘सच अ लाँग जर्नी’चे पुढे मुंबईत काय झाले ते येथील अध्यापकांस ठाऊक आहे. २०१० साली राजकीय दडपणाखाली ती कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आली. मुंबईतल्याच पारशी कुटुंबाची ही कथा.

दुसरे उदाहरण २०११ चे. ज्या वर्षी बार्न्स जिंकले, त्या वर्षी परीक्षकांच्या अध्यक्षा होत्या ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या माजी प्रमुख स्टेला रिमिंग्टन. आपण पुस्तकाच्या वाचनीयतेला महत्त्व दिले, असे परीक्षकांकडून सांगण्यात आले आणि वाचकांत, समीक्षकांत, लेखकांत मोठे वादळ उठले. वाचनीय असणे हा कादंबरीचा गुण की किमान अट? जे पहिल्या वाचनात दाद देत नाही ते वाईटच काय? या वादातून फोलिओ पारितोषिकाची कल्पना पुढे आली आणि २०१४ साली ते प्रथम देण्यात आले. विशेष म्हणजे ज्या यादीवरून वाद पेटला त्यातला विजेता कोणालाच आक्षेपार्ह वाटत नव्हता. आक्षेप होता तो यादी करण्यामागच्या निकषाला. परीक्षकांचे निकष निर्णयातून कळत नाहीत, ते यादीतून कळतात. कारण कोणाला घेतले याबरोबर कोणाशेजारी घेतले आणि कोणाला सोडून घेतले, हेही यादी सांगून जाते.

अर्थात वाचकांच्या मताचे स्तोम माजविण्याचेही कारण नाही. बुकरच्या व्यवस्थापकांनी काही प्रसंगी निर्णय थेट वाचकांच्या हाती दिला. १९७० साली नियमांतील बदलामुळे जी पुस्तके पारितोषिकास मुकली, त्यांच्यासाठी २०१० मध्ये मतदान झाले आणि जे. जी. फॅरेल यांची ‘ट्रबल्स’ निवडली गेली. लेखक १९७९ मध्येच निवर्तले होते. २०१८ साली पन्नास वर्षांतील सर्वोत्कृष्ट पुस्तकासाठी मतदान झाले, ते मायकेल ओंडाट्जे यांच्या ‘द इंग्लिश पेशंट’ने जिंकले, या कादंबरीवर निघालेला लोकप्रिय चित्रपट मतदारांच्या डोळ्यांपुढे नव्हता असे कोण म्हणेल? मत देणे हे अगदी स्वस्त काम आहे. एका क्षणात उरकते आणि त्यासाठी पुस्तक वाचलेले असण्याची गरज नसते. ‘गार्डियन’ने २००९ पासून बुकरला समांतर असे वाचकांचे पारितोषिक चालविले, त्यात मत देणाऱ्याने पुस्तकाबद्दल थोडे लिहावेही, अशी अट पुढे घालण्यात आली, ती बहुधा याच कारणाने. मताला थोडी किंमत पडली की मते देणारे कमी होतात, पण उरतात ते वाचलेले असतात. अटकळ आणि वाद यांचा गुण हाच की त्यांना ही किंमत मुळातच असते. समोरचा जो प्रश्न विचारील त्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागते, आणि न वाचता बोलणाऱ्याची फजिती तिसऱ्या वाक्याला होते.

यादीच नसेल तर अटकळीचे काय होते, हे नोबेलच्या बाबतीत दिसते. स्वीडिश अकादमी शिफारशी आणि अंतिम नावे पन्नास वर्षे गुप्त ठेवते. म्हणून अटकळ थांबते काय? मुळीच नाही, ती पुस्तकांवरून उठून नावांवर जाते. जपानचे मुराकामी, केनियाचे न्गुगी वा थिओंगो ही नावे वर्षानुवर्षे ऑक्टोबर आला की घेतली गेली. न्गुगी २०२५ च्या मे महिन्यात गेले आणि त्यांच्यापुरता तो खेळ संपला. या चर्चेत पुस्तक कोणी उघडत नाही, कारण नेमके कोणते उघडावे हेच ठाऊक नसते. शिवाय गुप्तता ही विकण्याजोगी वस्तू बनते. २०१८ सालचे साहित्याचे नोबेल ज्या प्रकरणामुळे पुढे ढकलावे लागले, त्यातील गंभीर आरोपांत विजेत्यांची नावे आधी फुटल्याचाही आरोप होता.

आता आपल्याकडे वळू. साहित्य अकादमीने १९५५ पासून भाषानिहाय पुरस्कार सुरू केले. मराठीचा पहिला मान तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला. आरंभी पुरस्काराची रक्कम पाच हजार रुपये होती. १९६९ साली बुकर सुरू झाले तेव्हा तेही पाच हजारांचेच होते, पण पौंडांत. आज अकादमीचा पुरस्कार एक लाख रुपयांचा आणि बुकर पन्नास हजार पौंडांचे आहे. पैशांचा हा फरक असायचाच. बुकरच्या मागे गयानातील ऊसमळ्यांवर मोठी झालेली साखर कंपनी होती. त्या मळ्यांवर राबलेल्या मजुरांत हिंदुस्थानातून करारावर नेलेले गिरमिटिये लाखांनी होते. १९७२ चे विजेते जॉन बर्जर यांनी कंपनीच्या या पूर्वेतिहासावर भर समारंभात बोट ठेवून निम्मी रक्कम कृष्णवर्णीयांच्या चळवळीस देऊन टाकली होती. आपल्या अकादमीचा पैसा जनतेचा आहे. म्हणून तर तिच्याकडून अधिक मोकळेपणाची अपेक्षा ठेवावयाची.

अकादमीची पद्धत कागदोपत्री काळजीपूर्वक आखलेली आहे. प्रथम एक मूळ यादी तयार होते, ती जाणकारांकडे जाते, त्यांच्या शिफारशींतून थोडी पुस्तके तीन परीक्षकांपुढे येतात आणि ते एक ग्रंथ सुचवितात. पुस्तक ठरलेल्या पाच वर्षांच्या कालखंडात प्रसिद्ध झालेले असावे लागते. म्हणजे कथा, कविता, कादंबरी, समीक्षा, चरित्र असे सारे वाङ्मयप्रकार एकाच तागडीत. २०२३ चा पुरस्कार कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला, तर २०२४ चा सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथाला. दोन्ही निवडी मानाच्या. परंतु त्यांच्यासोबत आणखी कोणती पुस्तके अखेरच्या फेरीत होती, यावर निर्णयापूर्वी वाचकांत चर्चा व्हावी अशी सोयच नाही. वाचकाला डिसेंबरात एक नाव कळते. ते पुस्तक त्याने बहुधा वाचलेले नसते. मग अभिनंदनाचे चार कार्यक्रम होतात, कोपऱ्यात कुजबुज होते, आणि पुढच्या डिसेंबरापर्यंत सामसूम.

मराठी माणसाला साहित्यविषयक अटकळीचे वावडे आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होत असे, तेव्हा कोणत्या विभागाची किती मते, कोणाचा कोणाला पाठिंबा, याचे आराखडे चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत मांडले जात. हजाराच्या आसपास मतदार आणि लाखो अंदाज! २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून निवडणूक जाऊन सन्मानाने निवड होऊ लागली आणि अरुणा ढेरे त्या पद्धतीच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. निवडणुकीचा गदारोळ गेला ते बरेच झाले. पण त्या गदारोळात उमेदवाराच्या पुस्तकांविषयी कधी कोणी वाद घातल्याचे फारसे ऐकिवात नव्हते. अटकळीची हौस दांडगी, तिला पुस्तके पुरविली गेली नाहीत.

यादी आधी जाहीर केली तर परीक्षकांवर दडपण येईल, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मराठी साहित्यविश्व लहान आहे. परीक्षक, लेखक आणि प्रकाशक एकमेकांना ओळखतात, एकाच मांडवात भेटतात. यादीतील लेखकाचा स्नेही परीक्षकाच्या घरी पेढे घेऊन पोहोचणार नाही, याची हमी कोण देणार? पण हा स्नेही आज पोहोचत नाही काय? ज्याला आतून कळते तो आजही पोहोचतो. ज्याला कळत नाही तो वाचक तेवढा बाहेर राहतो. यादी सर्वांना ठाऊक झाली की आतल्या बातमीची किंमत उतरते. शिवाय दडपण नेहमी खालूनच येते असेही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादास जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने काही दिवसांतच रद्द केला आणि निवड समितीच मोडीत काढली; निषेधार्थ अनेकांनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले. त्या पुस्तकाची आणि त्याच्या बरोबरीच्या पुस्तकांची चर्चा महिनाभर आधीपासून गावोगावच्या वाचकांत चालू असती, तर एका आदेशाने निर्णय फिरविणे इतके सोपे गेले असते काय? पुरस्कारामागे वाचक उभे नसतील तर तो देणाऱ्याचीच मालमत्ता होऊन राहतो.

गटबाजीचा आक्षेप दुसरा. प्रत्येक गट आपल्या लेखकाचे ढोल वाजवील, जातीचे आणि प्रदेशाचे हिशोब मांडले जातील. मांडले जावोत. विदर्भ-मराठवाड्याची किती, स्त्रियांची किती, दलित लेखकांची किती, हे मोजणे म्हणजे साहित्याचा अपमान, असे मानणाऱ्यांनी १९९१ ची ती सहा नावे पुन्हा वाचावीत. मोजणीने गुणवत्ता ठरत नाही हे खरे, परंतु कोणत्या दिशेला पाहिलेच गेले नाही हे मोजणीनेच कळते. ‘कोसला’ १९६३ साली आली आणि मराठी कादंबरीचे वळण बदलले. भालचंद्र नेमाडे यांना अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९९० साली, ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेच्या पुस्तकासाठी. १९६४ चा पुरस्कार रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ला मिळाला होता. ‘स्वामी’ला तो मिळू नये असे म्हणण्याचे कारण नाही. पण ‘कोसला’ परीक्षकांपुढे आली होती काय, तिच्याबद्दल काय बोलले गेले, तरुण वाचकांनी ‘स्वामी’समोर ती कशी उभी केली असती, हा वाद वेळीच झाला असता तर मराठी समीक्षेच्या इतिहासातले ते एक मोलाचे पान ठरले असते. ते पान कोरे राहिले.

खाजगी पारितोषिकांनी हा मार्ग काही काळ चोखाळून पाहिला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या जेसीबी पारितोषिकाच्या दहांच्या आणि नंतर पाचांच्या याद्या जाहीर होत. २०२४ च्या पाचांत शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘सनातन’चा इंग्रजी अनुवाद होता, पारितोषिक उपमन्यू चटर्जी यांना मिळाले. मूळ मराठी कादंबरी येथील ग्रंथालयांत उपलब्ध असताना ‘सनातन’ पुढे जाईल की नाही, यावर मराठीत किती वादविवाद झाला? झाला तो इंग्रजी वृत्तपत्रांतून, इंग्रजी अनुवाद वाचणाऱ्यांत. हिंदीचे उदाहरण अधिक बोलके आहे. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि चार वर्षे ठराविक वर्तुळातच वाचली गेली. २०२२ मध्ये डेझी रॉकवेल यांचा अनुवाद आंतरराष्ट्रीय बुकरच्या यादीत येताच, निर्णयाची वाट न पाहता, मूळ हिंदी पुस्तकाला मागणी सुरू झाली. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांकडे २०२५ साली असेच लक्ष गेले. लंडनच्या यादीने हिंदी आणि कन्नड वाचकांना त्यांच्याच भाषेतील पुस्तके दाखवून द्यावीत, हा थोडा खेदाचा विषय आहे. आपली यादी आपणच आधी लावली असती तर तो फेरा वाचला असता.

यासाठी नवे खाते नको की नवा कायदा नको. अकादमीने मराठीच्या अंतिम फेरीतील पुस्तकांची नावे ऑक्टोबरच्या आरंभी प्रसिद्ध करावीत आणि निर्णय डिसेंबरात द्यावा, राज्य शासनाच्या पुरस्कारांबाबतही तसेच करावे, एवढीच मागणी आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-दीड हजार प्रतींची. ती संपलेली असली तरी दोन महिन्यांत प्रकाशकाला नवी काढता येते. अशा यादीत पाच पुस्तके धरली आणि एकाची किंमत सरासरी चारशे रुपये मानली, तर तालुक्याच्या ग्रंथालयाला ती सारी घेण्यास दोन हजार रुपये पुरतात. प्रत आठ दिवसांच्या बोलीने फिरविली तर निकाल लागेपर्यंत एकेका पुस्तकाचे सात-आठ वाचक होतात, आणि त्यांतले तिघे-चौघे तरी पाचही वाचून बसलेले असतात.